आजींच्या उशाशी डबा की बेल?

पत्र थोडक्यात : नाशिकच्या सिडकोतल्या एका रो-हाऊसमधून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई अंबडच्या एका कारखान्यात पहिल्या शिफ्टला असतात, सकाळी सात ते साडेतीन. आत जाताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. मिस्टर शेतीची औषधं विकतात, दिवसभर दिंडोरी-निफाड पट्ट्यात बाइकवर. तळमजल्यावर ७६ वर्षांच्या सासूबाई, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या. सहावीतली लेक दुपारी एकला शाळेतून येते आणि जेवून वरच्या खोलीत जाते. सासूबाईंना स्मार्टफोन जमत नाही आणि लेकीला तो इतक्यात द्यायचा नाही. मिस्टरांनी ऑनलाइन एक वाय-फायवर चालणारा डबा पाहिलाय. आपण मोबाइलवरून लिहिलं की त्याच्या छोट्या पडद्यावर उमटतं, दिवा लागतो, समोरचा बटण दाबून ‘वाचलं’ एवढं कळवतो. बाकी काही करत नाही. एक साडेसहा हजारांना, असे दोन घ्यायचे म्हणतात. दीर म्हणतात, “खिशात फोन असताना ही अडगळ कशाला?” गेल्या श्रावणात सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या आणि पाऊण तास हाका मारत राहिल्या. वर पंखा आणि टीव्ही चालू, लेकीला काही ऐकूच आलं नाही. ताई विचारतात, डबे घ्यावेत का?

---

बाथरूमची गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी चार ओळींत उरकलीत आणि डब्याचं वर्णन दीड पान केलंत. मी सुरुवात त्या चार ओळींपासून करते.

तो डबा त्या दिवशी घरात असता तर काय झालं असतं? डबा सासूबाईंच्या उशाशी, सासूबाई बाथरूमच्या फरशीवर. डब्यावर मजकूर पाठवायचा तो मोबाइलवरून, आणि तुमचा मोबाइल अंबडला लॉकरमध्ये. समजा डबा अगदी हाताशी असता, तरी त्याचं बटण सांगणार काय, तर ‘वाचलं’. पाऊण तासातलं एक मिनिटही कमी झालं नसतं. तेरा हजार रुपये मात्र गेले असते.

म्हणून दीर बरोबर, असं मी म्हणणार नाही. त्यांना वाटतं, फोन सगळं करतो, मग एकच काम करणारी वस्तू घेणं हा खुळेपणा. आपल्याकडची तार आठवा. २०१३च्या जुलैत ती सेवा बंद झाली, पण त्याआधी कित्येक वर्षं दारात तारवाला दिसला की कागद उघडायच्या आत घरात रडारड सुरू व्हायची. बातमी कधी नोकरी लागल्याचीही असायची, तरी पहिल्यांदा काळजात धस्स व्हायचं. तार क्षुल्लक कामासाठी कुणी करत नसे, त्यामुळे ती आली यातच अर्धा निरोप असायचा. फोनचं तसं नाही. बँकेचा ओटीपी, कुणाचं शुभ सकाळचं फूल, सोसायटीच्या पाण्याच्या टँकरवरचं भांडण आणि घरातलं माणूस पडल्याची बातमी, सगळ्यांना तीच ‘टिंग’. माणूस ‘टिंग’ ऐकायचं सोडून देतो. तुमच्या लेकीच्या हातात फोन असता आणि आजीने तिला मेसेज केला असता, तरी टीव्हीपुढे तो तिने पाहिला असता याची खात्री मी देणार नाही.

तेव्हा एकच काम करणाऱ्या वस्तूला घरात जागा आहे. फक्त ते काम कोणतं, हे आधी ठरवायला हवं. तुमच्या पत्रात मला तीन कामं दिसली आणि मिस्टरांनी ती एका डब्यात कोंबली आहेत. सासूबाई संकटात असल्या तर घरातल्या घरात कुणाला तरी कळावं, ही झाली हाक. लेक सुखरूप घरी पोचली हे तुम्हाला कळावं, हा निरोप. आणि मिस्टरांना निफाडहून लेकीला काहीतरी गमतीचं लिहून पाठवावंसं वाटतं, त्या गप्पा. ‘तिला फोन नको’ ही तुमची काळजी या तिन्हींच्या मागे उभी आहे, तिच्याकडे नंतर येते.

हाकेचं सांगण्याआधी, बाथरूममध्ये भिंतीला धरायची स्टीलची दांडी बसवलीत का? कमोडशेजारी एक आणि अंघोळीच्या जागी एक. खाली घसरू न देणारी जाड मॅट. आतून कडी लावायची नाही, दार नुसतं लोटायचं, आणि बाहेरच्या मुठीवर ‘आत कुणी आहे’ म्हणून एक नॅपकिन टाकायचा. आणि त्या दिवशी पाय घसरला होता की आधी चक्कर आली होती, हे त्यांना शांतपणे विचारा. चक्कर असेल तर बेल-डब्याच्या आधी डॉक्टर.

आता हाक. तिला वाय-फाय नको, इंटरनेट नको, अ‍ॅप नको. दारावर लावतो ती वायरलेस बेल घ्यायची, पण ती दारावर न लावता बटण सासूबाईंकडे आणि वाजणारा भाग लेकीच्या खोलीत. हजाराच्या आत येते. एमजी रोडला किंवा तुमच्या जवळच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात मागा. एका रिसीव्हरला, म्हणजे वाजणाऱ्या भागाला, दोन-तीन बटणं जोडता येतात असा सेट मागायचा. एक बटण पलंगापाशी, एक बाथरूममध्ये. बाथरूममधलं पाण्याचे शिंतोडे झेलणारं हवं, आणि ते लावायचं जमिनीपासून फूटभर उंचीवर. सगळे जण ते स्विचबोर्डच्या उंचीला लावतात आणि तिथेच फसतात. पडलेल्या माणसाचा हात तिथवर पोचत नाही.

खोक्यावर ‘शंभर मीटर’ असं काहीतरी छापलेलं असतं. ते मोकळ्या मैदानातलं. स्लॅबमधल्या सळ्या आणि मधे येणारं लोखंडी कपाट त्या मीटरांना खाऊन टाकतात. स्वस्त बेली बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात आणि भिंतीतून त्या वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झपेक्षा बऱ्या आरपार जातात, तरी तुमच्या घरात काय होतं ते तुमचं घरच सांगेल. म्हणून चाचणी अशी करा : बाथरूमचं दार लोटलेलं, खाली मिक्सर चालू, वर पंखा आणि टीव्ही नेहमीच्या आवाजात, लेक नेहमीच्या जागी. मग फरशीवर बसून बटण दाबा. ऐकू आलं तर ठेवा, नाहीतर बदलून आणा. दुकानदाराला हे आधीच सांगून ठेवलं की तो कुरकुरत नाही. वाजणारा भाग प्लगमध्ये खोचायचा असेल तर लाइट गेली की तो मुका. वळवाच्या पावसात नाशकात लाइट कशी जाते ते तुम्हाला सांगायला नको. घरी इन्व्हर्टर नसेल तर सेलवर चालणारा रिसीव्हर घ्या.

आवाज वेगळा निवडा, दाराच्या बेलसारखा नको. आरतीची चाल तर मुळीच नको. ती वाजली की लेक म्हणणार, आजी पूजा करतेय.

इथपर्यंत वस्तूचं झालं. अवघड भाग पुढेच आहे, आणि तो मला माझ्या माहेरी कळला.

माझं माहेर जुन्या नाशकात, तिवंध्याजवळच्या वाड्यात. भिंती इतक्या जाड की मधल्या खोलीत मोबाइलची रेंज आली तर आम्ही पेढे वाटू. आई माजघरात झोपायची, वहिनी मागच्या स्वयंपाकघरात. भावाने अशीच बेल आणून दिली. महिनाभर आईने ती एकदाही वाजवली नाही. वाजायची ती समोरच्या बिऱ्हाडामुळे. त्यांनी तसलाच सेट आणला होता आणि त्यांच्या दारावर दूधवाला आला की वहिनी आईकडे धावायची. दुकानातून वेगळा कोड करून घेतला, तो प्रश्न मिटला. मग मी एकदा राहायला गेले आणि आईला विचारलं, बटण कुठाय? तिने पलंगाखालची ट्रंक ओढली. बटण प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर, रबरावर एक जुना रुमाल. म्हणाली, “चांगली वस्तू आहे, खराब होईल.” आणि मग खरं बोलली, “बेल वाजवून सुनेला बोलवायचं? मी काय लॉजमध्ये उतरलेय?”

तोडगा वहिनीने काढला, आम्ही शिकलेल्यांपैकी कुणी नाही. तिने दुसरा सेट आणला आणि उलटा लावला. त्याचं बटण ओट्याशेजारी, वाजणारा भाग आईच्या कोनाड्यात. चहा झाला की वहिनी एकदा दाबायची. आई उठायची नसेल तर आपल्या बटणाने दोनदा दाबायची, म्हणजे ‘इकडेच आण’. चार दिवसांत दोघींचा खेळ बसला. पुढे एका पहाटे आईला धाप लागली तेव्हा तिने बटण दाबलं, न थांबता दाबलं. तोवर तिच्या बोटाला त्याची सवय झालेली होती.

तुमच्या पत्रात मला हेच सापडलं नाही. सासूबाईंना काय वाटतं? मिस्टर, दीर, तुम्ही, तिघांची मतं आहेत; जिच्या उशाशी वस्तू ठेवायची तिचं एक वाक्य नाही. लेकीचंही नाही. एका बाजूनेच वाजणारी बेल म्हाताऱ्या माणसाला पेशंट करून ठेवते. दोन्हीकडून वाजली तर ती घरातली बोलाचाली होते. दोन सेटचे दोन हजार धरा, डब्यांच्या पैशांतले अकरा हजार उरतातच.

आणखी एक बारीक गोष्ट. बऱ्याच बटणांत कारच्या रिमोटमधल्यासारखा छोटा सेल असतो. तो वर्ष-दीड वर्ष चालतो आणि एक दिवस न सांगता जातो. दसऱ्याला आपण गाडीला, मिक्सरला हार घालतोच. त्या दिवशी सेल बदलायचा, गरज असो वा नसो. दाबण्याच्या जोरावरच वीज तयार करणारी, सेल न लागणारी बटणंही मिळतात. पण ती घट्ट असतात, तेव्हा सासूबाईंच्या बोटांना दाबवतात का ते पाहूनच घ्या.

आता निरोप, म्हणजे लेक घरी पोचल्याचा. इथे तुम्ही गृहीत धरलंय की यंत्र मिळालं की तुम्हाला लगेच कळेल. कसं कळेल? कुठल्याही यंत्रातून निघालेला मेसेज शेवटी तुमच्या फोनवर येणार, आणि फोन कुलपात. तेव्हा दुपारी एकला आलेलं जेवणाच्या सुट्टीत किंवा साडेतीनलाच दिसणार, डबा साडेसहाशेचा असो की साडेसहा हजारांचा. नुसतं ‘पोचले’ कळण्यासाठी आपल्या लोकांनी केव्हाच एक फुकटचं साधन शोधून ठेवलंय, मिस्ड कॉल. लॉकर उघडलं, एक वाजून दहा मिनिटांचा घरचा मिस्ड कॉल दिसला, विषय संपला.

हा कॉल कशावरून करायचा? घरात एक साधा बटणांचा फोन आणून ठेवा. ४जीवर चालणारा घ्या. नुसत्या २जीच्या फोनमध्ये काही कंपन्यांचं सिम चालतच नाही. तो लेकीचा नाही आणि सासूबाईंचाही नाही. तो घराचा फोन, पूर्वी हॉलमध्ये क्रोशाच्या रुमालाखाली असायचा तसा. जागा ठरलेली, तिथून हलवायचा नाही. एका आकड्यावर बोट दाबून धरलं की लागतील असे नंबर त्यात टाका : तुम्ही, मिस्टर, शेजारच्या काकू, आणि तुमच्या कंपनीच्या गेटवरची सिक्युरिटी केबिन. हा शेवटचा नंबर बहुतेक घरांत नसतो आणि तोच खरा कामाचा. मोबाइल लॉकरमध्ये असला तरी गेटवरचा माणूस लाइनवर येऊन तुम्हाला बोलावू शकतो. सुपरवायझरशी आधी बोलून ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कुठल्याही संकटासाठी ११२ हे लेकीला तोंडपाठ हवेत, आणि पत्ता सांगताना जवळची खूण काय सांगायची तेही.

शेजारच्या काकूंशी बोलायला तुम्ही कचरताय असं पत्रात दिसतं. ‘कुणाला कशाला त्रास’ हे तुमचं वाक्य आणि माझ्या आईचं ‘मी काय लॉजमध्ये उतरलेय’ हे एकाच जातीचं आहे. सासूबाई पडल्या तर सहावीतली मुलगी त्यांना एकटी उचलू शकणार नाही. बेल ऐकून ती खाली आली, पुढे काय? पुढे काकूच. घराची एक किल्ली त्यांच्याकडे ठेवा.

मिस्टरांच्या डब्यावर मी उगाच घसरले असं त्यांना वाटायला नको. त्यांचा हेतू मला आवडला. दिवसभर द्राक्षबागांमधून फिरणाऱ्या बापाला वाटतं की चार शब्द लेकीच्या टेबलावर उमटावेत, आणि त्यासाठी तिच्या हातात सगळं जग देणारा फोन नसावा. मग तो गप्पांसाठी, हौस म्हणून घ्या, आणि एकच घ्या. सुरक्षेच्या खात्यात मांडू नका. घेण्याआधी दुकानात किंवा परत करायची मुदत असेपर्यंत ‘आजीच्या डोळ्यांत औषध टाकलंस का?’ एवढं मराठीत टाइप करून पाठवा. जोडाक्षरं फुटून चौकोन दिसले तर डबा परत.

आणि विचारा, कंपनीचा सर्व्हर बंद पडला तर हा डबा काय करेल? या जातीच्या वस्तूंचा इतिहास पाहा. अमेरिकेत २००८ मध्ये ‘पीक’ नावाचं फक्त ईमेल करणारं यंत्र निघालं. त्याच कंपनीने २००९ मध्ये ‘ट्विटरपीक’ काढलं, त्यावर ट्विटर सोडून काही चालत नसे. २०१२ मध्ये कंपनीने सेवा थांबवली आणि लोकांच्या हातात चांगली चालू यंत्रं मेली. तिथलीच ‘झिपिट’ नावाची वस्तू वाय-फायवरून मुलांना फक्त चॅट करू द्यायची. ज्या चॅट सेवांवर ती उभी होती त्यातली एओएल कंपनीची २०१७ मध्ये बंद झाली, याहूची २०१८ मध्ये. आपल्याकडचा नव्वदच्या दशकातला पेजर घ्या. ऑपरेटरला फोन करून निरोप सांगायचा, तो डॉक्टरांच्या कमरेला जाऊन वाजायचा. त्याचं कौतुक होतं तोवर होतं. २००३ मध्ये मोबाइलचं इनकमिंग फुकट झालं आणि तो गेला. दरवेळी मधे एक तिसरा होता, कंपनी किंवा ऑपरेटर, आणि तो उठून गेला. तुमच्या बेलमध्ये तिसरा कुणी नाही. बटण आहे आणि भोंगा आहे, म्हणून बनवणारी कंपनी बंद पडली तरी ती वाजेल. खालून वर जाणारा आवाज आधी परदेशातल्या सर्व्हरला भेटून का यावा, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. बोलून चालवायच्या स्मार्ट स्पीकरचंही तेच. हात न लावता हाक मारता येते हा त्याचा मोठा गुण, पण राउटर बंद की तोही बंद. ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी राउटरला आणि स्पीकरलाही छोटा यूपीएस लावून घ्यावा.

असंच विचारणारी आणखी पत्रं माझ्याकडे येतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. ऐकू कमी येणारं माणूस घरात असेल तर दिवा लुकलुकणारी बेल घ्या. जुन्या वाड्यांत दोन भिंतींपलीकडे बेल पोचत नसेल, तर तिथे साधी वायरची बेल ओढून घ्या. इलेक्ट्रिशियन तासाभराचं काम म्हणेल आणि लाइट असेपर्यंत ती सहसा दगा देणार नाही. आणि मळ्यात राहणारे वॉकी-टॉकीबद्दल विचारतात. आपल्याकडे परवान्याशिवाय चालतात ते फक्त कमी ताकदीचे, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले, सरकारी मान्यता असलेले. बाकीच्यांना परवाना लागतो. ऑनलाइन सर्रास भलतेच विकले जात होते, त्यावर २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नियमावली काढली. खोक्यावर फ्रिक्वेन्सी लिहिलेली नसेल तर घेऊ नका.

राहिली ती लेकीला फोन न देण्याची गोष्ट. त्यात मी तुमच्या बाजूने आहे, पण डब्याच्या आडून तो विषय टाळता येणार नाही. पुढच्या दोन वर्षांत वर्गातल्या निम्म्या मुलींकडे फोन असेल आणि ती विचारेल. तेव्हा ‘घरात डबा आहे ना’ हे उत्तर टिकणार नाही. घराचा फोन तिच्या जबाबदारीवर द्या, चार्जिंग तिने बघायचं, एक वाजताचा मिस्ड कॉल तिने द्यायचा. ती हे कसं सांभाळते, त्यावरून पुढचं ठरवायला तुमच्या हाती काहीतरी असेल. आणि श्रावणातल्या त्या दिवसाबद्दल तिच्याशी कुणी बोललंय का? पाऊण तास आजी हाका मारत होती आणि आपल्याला ऐकू आलं नाही, हे त्या वयाची पोर मनात ठेवून बसते. चूक तिची नव्हती, मधे स्लॅब होता, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा.

या रविवारी बेल आणायला जाल तेव्हा सासूबाईंना रिक्षाने बरोबर न्या. गुडघा नाहीच म्हणाला, तर दुकानातून घरच्या फोनवर एकेक आवाज वाजवून दाखवा. बेलमध्ये वीस-पंचवीस तरी असतात. कुठला ठेवायचा ते त्यांना आणि नातीला भांडून ठरवू द्या.